पुठ्ठ्याखालचं पान

आत्याला खून आवडतात. पुस्तकातले. प्रेमाच्या कादंबऱ्याही ती वाचते, पण चष्म्याच्या वरून. रहस्यकथा हातात असली की चष्मा नाकावर घट्ट बसलेला असतो, आणि त्या वेळी तिच्याशी बोलायला जाणारा माणूस पुढचा बळी ठरू शकतो, असं बाबा म्हणतात. बाबा तिचे धाकटे भाऊ. स्वानुभव असावा.

गेली सव्वीस वर्षं ती कापडगिरणीत तपासणी खात्यात आहे. तिथे दुधी काचेचं एक तिरपं टेबल आहे, काचेखाली दिवे. कापडाचा तागा एका रुळावरून सुटतो, उजेडावरून सरकत जातो आणि दुसऱ्या रुळावर गुंडाळला जातो. आत्या समोर उभी. गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ विणलेली पट्टी, काहीही दिसलं की पायाने यंत्र थांबवायचं आणि त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा. तागा संपला की टोकावर शिक्का. शिक्का बसेपर्यंत चूक विणणाऱ्याची, शिक्का बसल्यावर तपासणाऱ्याची, असा तिथला नियम. आत्याच्या शिक्क्याचा एकही तागा सव्वीस वर्षांत परत आलेला नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकू येतं की मी ते झोपेतही बिनचूक म्हणू शकतो.

पुस्तकंही ती तशीच वाचते. आमच्या वाचनालयात दाराजवळ एक मऊ फळा आहे. पुस्तक परत करताना वाचकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून तिथे टाचणीने लावायचं, अशी पद्धत. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘छान’ असतं. फार भारावलेला माणूस ‘फारच छान’ लिहितो. आत्याची चिठ्ठी मात्र हातभर.

‘नायिका चार पानं रडते. सुरुवातीला तिच्या हातात चहाचा कप आहे, तो तिने कुठेही ठेवल्याचं लेखक सांगत नाहीत. चार पानं कप धरून रडणारी बाई मला खरी वाटली नाही.’

‘प्रेत सकाळी सहाला सापडतं. दुधवाल्याची साक्ष नवव्या प्रकरणात. तोवर दूध नासलं असेल, साक्षही नासली आहे.’

‘पहिली शंभर पानं सुंदर. मग लेखकांच्या घरी पाहुणे आले असावेत.’

लोक पुस्तक घेण्याआधी फळ्यावर आत्याची चिठ्ठी शोधत. तिने नावाजलेलं पुस्तक महिनाभर कपाटात दिसायचं नाही, आणि तिने झोडपलेलं तर दोन महिने दिसायचं नाही, कारण काय झोडपलंय ते सगळ्यांना बघायचं असायचं.

आता माझ्याबद्दल. मी पुस्तकं वाचत नाही, बांधतो. वाचनालयाच्या समोरच माझं बांधणीचं दुकान आहे. पातळ कागदी वेष्टनाची नवी पुस्तकं वाचकांच्या हातात महिनाभरसुद्धा टिकत नाहीत, म्हणून ग्रंथपाल बाई ती आधी माझ्याकडे पाठवतात. मी वेष्टन काढतो, पानं शिवतो, पुठ्ठे लावतो, पाठीला कापड. ज्यांच्या हाताखाली मी हे शिकलो, त्या म्हाताऱ्या कारागिरांनी मला एक युक्ती दिली होती. पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे प्रकाशकाची जाहिरात, ते कोणी वाचत नाही. खळ लावून ते थेट पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि वरून कोरा कागद डकवायचा. पुठ्ठा मेला तरी निघत नाही. मी आठ वर्षं तसंच करत आलो. माझाही एक पुठ्ठा कधी निघाला नव्हता. घराण्याचा गुणच म्हणायचा.

वर्षभरापूर्वी वाचनालयाने रहस्यकथांची एक नवी मालिका घ्यायला सुरुवात केली. दर दोन महिन्यांनी एक पुस्तक. आत्या या मालिकेने वेडी झाली. कारण, ती म्हणायची, या मालिकेत शेवटी खुनी कोण ते सांगतच नाहीत. सगळे पुरावे समोर ठेवतात, संशयितांना एका खोलीत बसवतात, पोलीस अधिकारी म्हणतो, ‘आता मला सगळं समजलं आहे,’ आणि पुस्तक संपतं. पुढचं वाचकाने ओळखायचं. आत्याने लांबलचक चिठ्ठी लावली: ‘इतकी वर्षं लेखक आपल्याला घास भरवत होते. आता वाचकाला दात आहेत हे कोणीतरी ओळखलं.’

एक सेवानिवृत्त पोस्टमन ग्रंथपाल बाईंकडे तक्रार घेऊन आले होते म्हणे, की बाई, खून कोणी केला ते कळलं नाही. बाईंनी बोटाने आत्याची चिठ्ठी दाखवली. पोस्टमन ती वाचून खजील झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही चिठ्ठी लावली: ‘फारच छान.’ मग सगळ्या गावानेच माना डोलावल्या.

सात पुस्तकं झाली. सातव्यावर, म्हणजे दीपगृहातल्या खुनावर, वाचनालयाच्या बैठकीत बोलायला समितीने आत्याला बोलावलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच वाजता तिथे कोणीतरी एका पुस्तकावर बोलतं. आजवर डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक असे लोक बोलले होते. गिरणीतलं कोणी कधी त्या खुर्चीवर बसलं नव्हतं. आत्याने गिरणीतल्या तपासणीच्या जुन्या पत्रकांमागे टिपणं काढली. बाबांना समोर बसवून दोनदा बोलून दाखवलं. ठेवणीतले कपडे गुरुवारीच इस्त्री करून आणले, आणि रविवारपर्यंत त्या कपाटाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सर माझ्या दुकानात आले.

सर म्हणजे आमचे गणिताचे सर. आता निवृत्त. मला त्यांनी दोन वर्षं शिकवलं, पण त्यात त्यांचा दोष नाही. वाचनालयाच्या फळ्यावर आत्याच्या खालोखाल लांब चिठ्ठ्या त्यांच्याच. दोघांचं कधी पटलं नाही. ते पुस्तकं विकत घेऊन वाचतात, वाचनालयात फक्त मतं द्यायला येतात. त्यांच्या हातात तेच दीपगृहाचं पुस्तक होतं, वेष्टन सुटलेलं. चारपर्यंत पुठ्ठा घालून दे म्हणाले, पाचला लागणार आहे.

मी कामाला लागलो. सर स्टुलावर बसले आणि मजेत बोलायला लागले. तुझी आत्या काय बोलणार आहे रे आज? मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझा हात सुईवर थांबला. सरांचं म्हणणं असं, की ही मालिका आत्या पूर्ण वाचतच नाही. शेवटाबद्दल तिने लिहिलेली सातही मतं पोकळ आहेत, शेवट वाचलेला माणूस तसं लिहूच शकत नाही. अर्धं पुस्तक चाळायचं आणि गावाला शिकवायचं. आणि गाव ऐकतंय, याचं त्यांना जास्त लागलं होतं.

“मी आज फक्त एक प्रश्न विचारणार,” सर म्हणाले. “सगळ्यांसमोर. शेवटच्या पानावर काय आहे, तेवढं सांगा बाई.”

मी म्हटलं, सर, ती ओळ न् ओळ वाचते. सर हसले. तू तिचा भाचा, तू असंच म्हणणार.

मला राग आला होता. रागात काम हात करतात, डोकं नाही. शिलाई झाली, पुठ्ठे कापले, मी सवयीने शेवटचं पान उचललं आणि त्यावर खळीचा ब्रश टेकवणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं.

“अरे, काय करतोस? त्या पानावर खुनी आहे.”

मी पानाकडे पाहिलं. वर मोठ्या अक्षरात ‘उकल’ असं छापलेलं होतं. खाली बारीक टायपात दोन्ही बाजू भरलेल्या. सर सांगत होते, की या मालिकेची हीच तर गंमत आहे, उकल नेहमी शेवटच्या सुट्या पानावर, आधी तुम्ही ओळखा आणि मग पान उलटा. जाहिराती त्यांनी बंद केल्या आहेत.

मी ब्रश खाली ठेवला. ते पान जपून मोकळं ठेवलं, कोरा कागद वेगळा लावला, पुस्तक शिकंज्यात दाबलं आणि सरांना चारला या म्हणून वाटेला लावलं. मग फळीवर दुरुस्तीला आलेलं वाचनालयाचं एक पुस्तक काढलं. याच मालिकेतलं तिसरं, मीच बांधलेलं. ओला स्पंज फिरवला, दहा मिनिटं थांबलो आणि मागचा कोरा कागद सोलला. खाली ‘उकल’.

सात पुस्तकं. सातही मी बांधलेली. सातही खुनी माझ्या पुठ्ठ्यांखाली, खळीत पक्के.

म्हणजे आत्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, फक्त शेवट तिथे नव्हता. आणि आज पाच वाजता सर उभे राहून तो एक प्रश्न विचारणार होते. सव्वीस वर्षांत एक तागा परत न आलेली बाई सगळ्या गावासमोर न वाचता मत देणारी ठरणार होती. तिच्याबद्दल दुसरं काहीही बोला, ती हसून घेईल. पण न बघता शिक्का मारला, असं म्हणा...

सरांना सगळं सांगावं असं वाटलं. मग त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. हा मुद्दा त्यांनी असा सोडला नसता, फक्त प्रश्न बदलला असता: बाई, शेवट नसलेल्या शेवटाचं आपण इतकं कौतुक कसं केलंत? म्हणजे ती आणखीच वाईट अडकली असती. आत्यालाच सांगायला हवं होतं, आणि ती चारपर्यंत गिरणीत होती. नेमकी त्या रविवारी तातडीच्या मालासाठी जादा पाळी लागली होती.

मी एकला गिरणीच्या फाटकावर पोचलो. पहारेकऱ्याने विचारलं, घरी कोणी गेलंय का? मी म्हटलं, तसं नाही. मग चारला ये, म्हणाला. पाळीत निरोप फक्त मरणाचा जातो. एक माणूस गेलाय, पण पुस्तकातला, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. फारच गयावया केली तेव्हा त्याने मला आवारातून तपासणी खात्याच्या खिडकीपर्यंत जाऊ दिलं. बघ आणि परत फीर.

काच बंद होती. आत चार टेबलं, चार बायका. आत्या खिडकीकडे पाठ करून उभी. पांढरं कापड उजेडावरून सरकत होतं. मला त्यात काहीही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. अचानक तिचा पाय दाबला गेला आणि यंत्र थांबलं. तिने वाकून नखाने काहीतरी उचललं, बघितलं, काठाला लाल दोरा बांधला. पुन्हा पाय. मी काचेवर टकटक करायला उचललेलं बोट खाली घेतलं. त्या टेबलापाशी तिला कशी हाक मारायची, आणि मारून काय सांगायचं? तुझे सात तागे परत आलेत म्हणून?

चारला भोंगा झाला. मी फाटकावर ताटकळत होतो. सर चारला दुकानावर येणार होते, म्हणून त्यांचं पुस्तक शेजारच्या चहावाल्याकडे देऊन आलो होतो. आत्या आली ती एकटी नाही. तपासणी खात्यातल्या तिघी बरोबर, सगळ्या बैठकीला निघालेल्या. सकाळी पिशवीतून नेलेले ठेवणीतले कपडे तिने गिरणीतच चढवले होते. मला बघून ती खूश झाली. घ्यायला आलास होय रे, म्हणाली, आणि मैत्रिणींना म्हणाली, बघा, आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाच्या कार्यक्रमाला चाललाय. त्या तिघी वाचनालयापर्यंत माझ्या निरक्षरपणावर हसत होत्या. मी दोनदा म्हटलं, आत्या, जरा बाजूला ये, बोलायचंय. ती म्हणाली, झाल्यावर बोलू, आता मला माझे मुद्दे धरून ठेवू दे, सांडतील.

वाचनालयाच्या जिन्याखाली जुन्या वर्तमानपत्रांची खोली आहे. पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी तिचं कोपर धरून तिला आत ओढलं आणि दार लावलं. मग एका दमात सगळं सांगितलं. शेवटचं पान, जाहिरात, खळ, सर, एक प्रश्न.

ती गठ्ठ्यावर बसली नाही, उभीच राहिली. वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

“किती?” तिने विचारलं.

“सात.”

“सगळी?”

“सगळी.”

तिने पिशवीतून दीपगृहाचं पुस्तक काढलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि कोऱ्या कागदावरून बोटाचं टोक फिरवलं, वरून खाली, सावकाश. मग एका जागी बोट थांबलं.

“इथे दोन कागदांची जाडी लागते,” ती म्हणाली. “हाताला लागते. मी सात वेळा इथे हात ठेवून पुस्तक मिटलं.”

मी म्हटलं, तुला बरं वाटत नाही म्हणून सांगतो. नाहीतर मी उभा राहतो, माझीच चूक आहे, मीच सांगतो सगळ्यांना. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिच्या तपासणीच्या पत्रकांच्या मी होड्या केल्या होत्या, तेव्हा असंच पाहिलं होतं.

“ओला स्पंज आणि कागद सोलायची तुझी ती पट्टी घेऊन ये,” ती म्हणाली. “आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस.”

मी दुकानातून सामान घेऊन पळत आलो तोवर बैठक सुरू झाली होती. साठेक माणसं होती. सर पहिल्या रांगेत, मांडीवर मी बांधलेलं पुस्तक. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. हातातल्या स्पंजाचं पाणी बुटात ठिबकत होतं.

आत्या बोलत होती, आणि तिने काहीच सांगितलं नव्हतं. ती दीपगृहाबद्दल बोलत होती. रखवालदार वरच्या सज्जातून खाली पडून मेलाय, जवळ तिघंच: त्याची मेहुणी, त्याचा सहायक आणि किनाऱ्यावरचा डॉक्टर. लेखकाने समुद्र चांगला लिहिलाय, म्हणाली, पण माणसं बोलायला लागली की समुद्राची आठवण येते. लोक हसले. सर हसले नाहीत, ते पानं चाळत होते. तिने मेहुणीचं कौतुक केलं, सहायकाला कंटाळवाणा ठरवलं, मधल्या तीस पानांवर धुकं उगाच पसरलंय म्हणाली. पंधरा मिनिटं झाली. मला वाटायला लागलं, ती हे असंच रेटून नेणार आहे, आणि मला ते नको होतं आणि हवंही होतं.

सर उठले. अध्यक्षांनी मान हलवून परवानगी दिली.

“बाई, माझा एकच प्रश्न आहे.”

“थांबा सर,” आत्या म्हणाली. “तुमचा प्रश्न मला माहीत आहे. मी ते पान वाचलेलं नाही.”

सर उभेच होते. इतक्या सरळ उत्तराची त्यांची तयारी नव्हती.

मग तिने पुस्तक उचलून सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं, की या मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं आहे, तुम्ही वाचलेल्यांचंसुद्धा. मागे बसलेल्या पोस्टमनकाकांनी ग्रंथपाल बाईंकडे असं पाहिलं, की बाई कपाटाच्या किल्ल्या मोजायला लागल्या.

“बांधणाऱ्याने पान चिकटवलं,” आत्या म्हणाली. “तो माझा भाचा आहे, तो बघा तिकडे, पाणी गाळतोय. पण तपासणारीने पास केलं. आमच्याकडे शिक्का बसल्यावर चूक तपासणाऱ्याची असते. फळ्यावर सात शिक्के माझे आहेत.”

हातातली पत्रकं तिने टेबलावर पालथी ठेवली.

ती पुढे म्हणाली, की पुस्तक मी वाचलंय की नाही हे ठरवायला ते पान लागत नाही. पान आत्ता इथेच उघडू. त्याआधी खुनी कोण ते मी सांगते.

आणि तिने सांगितलं. डॉक्टर. पान अडतीसवर मेहुणी रखवालदाराच्या कोटाचं तुटलेलं बटण शिवते, काळ्या दोऱ्याने. पान एकशे एकाहत्तरवर प्रेताच्या कोटाचं तेच बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं आहे. म्हणजे मधल्या वेळात झटापट झाली, बटण तुटलं आणि झटापट कळू नये म्हणून खुन्याने ते परत शिवलं. अंधारात काळा काय नि पांढरा काय, पण शिवायचा पांढरा दोरा खिशात कोणाच्या असतो? जखमा शिवणाऱ्याच्या. मेहुणीने आपला काळाच वापरला असता, आणि सहायकाकडे सुईदोरा कशाला असेल?

तिघी मैत्रिणींपैकी एकीने समाधानाने पायावर पाय टाकला. लोक कुजबुजायला लागले, अरे हो. मलासुद्धा, ज्याने त्या पुस्तकाचा फक्त पुठ्ठा वाचला होता, डॉक्टर तिथल्या तिथे दोषी वाटला.

मग तिने मला हाक मारली.

मी आजवर हजारभर पुस्तकं बांधली असतील, पण साठ माणसं नाकाशी येऊन कधी बघत नव्हती. कोरा कागद भिजवला. थांबलो. पट्टीचं टोक कोपऱ्यात घातलं. वरचा कागद निघाला. पण खालचं पान खळीने पुठ्ठ्याला धरलेलं होतं, आणि तेच तर माझ्या बांधणीचं वैशिष्ट्य. जोर लावला असता तर खुनी फाटला असता. मी बोटाने पाणी सोडत, पट्टी तिरपी धरून, एकेक ओळ मोकळी करत गेलो. एका ठिकाणी पान फुगलं आणि किंचित फाटलं, सगळ्यांनी श्वास ओढला. सात-आठ मिनिटं लागली असतील. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

पान सुटलं. अध्यक्षांनी ते ओलं पान दोन तळहातांवर घेतलं आणि वाचलं. सहायकाने ढकललं. पगारवाढीवरून वाद. डॉक्टर निर्दोष, शिवाय शेवटच्या ओळीत मेहुणीशी लग्नही करतो.

मी आत्याकडे बघायचं टाळलं. सर अजून उभेच होते.

“म्हणजे चुकलात, बाई,” ते म्हणाले. पण सावकाश, सकाळच्या मजेत नाही.

“चुकले,” आत्या म्हणाली. “मग पांढरा दोरा कुठून आला, सर?”

सर खाली बसले. त्यांनी पुस्तक उघडलं. अडतीस. मग एकशे एकाहत्तर. मग ‘उकल’, एक बाजू, दुसरी बाजू. मग पुन्हा अडतीस. वर्गात एखाद्या पोराचं गणित तपासताना ते असेच बोटाने ओळ धरून खाली यायचे, आणि ते बोट कुठे थांबतं याची आम्हाला धडकी असायची. बोट थांबलं.

“उकलीत दोरा नाहीच,” ते म्हणाले. ते आत्याशी बोलत नव्हते, पुस्तकाशी बोलत होते. “मी दोनदा वाचलं हे. लेखक विसरला. त्याने काळ्याचा पांढरा केला आणि विसरला.” थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. “बाई, उत्तर त्याचं खरं धरावं लागेल, कारण पुस्तक त्याचं आहे. पण रीत तुमची बरोबर आहे.”

ज्यांनी मला दोन वर्षांत रीतीचा एक गुण दिला नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं.

आत्याने फक्त मान हलवली. टाळ्या थोड्या उशिराने वाजल्या, आधी गिरणीच्या तिघींनी, मग पोस्टमनकाकांनी. आत्या पत्रकं पिशवीत भरत होती. आम्ही घरी आलो. दारात ती म्हणाली, लेखकाची चूक मी पुरावा म्हणून धरली, हे मला दिसायला हवं होतं. मग आत जाऊन तिने कपडे घडी करून ठेवले.

पुढच्या रविवारी ती राहिलेली पुस्तकं घेऊन दुकानात आली. प्रत्येक पुस्तक उघडायच्या आधी खुन्याचं नाव कागदावर लिहून माझ्या हातात द्यायची, मग मला स्पंज लावायला लावायची. तिसऱ्या पुस्तकाचं पान मी आधीच सोललं होतं, तर मला दुकानाबाहेर उभं केलं. सहापैकी चार बरोबर आले. एकात लेखक तिच्यापेक्षा हुशार निघाला आणि ती दिवसभर खूश होती. एकात ती साफ चुकली, आणि त्या पुस्तकाचं नाव घरात काढायचं नाही. फळ्यावरच्या जुन्या सात चिठ्ठ्या तिने काढल्या नाहीत. प्रत्येक टाचणीला गिरणीतला लाल दोरा बांधला आणि खाली नव्या सात लावल्या. दीपगृहाच्या नव्या चिठ्ठीत शेवटी लिहिलंय: ‘बांधणी मजबूत. गरजेपेक्षा.’

तेव्हापासून वाचनालयाने मला अट घातली आहे, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून घातली ते विचारायची मला गरज नाही. कोणत्याही पुस्तकाला खळ लावण्याआधी शेवटचं पान मी पूर्ण वाचायचं आणि आत सही करायची. वाचतो. आजघडीला मला तेवीस खुनी तोंडपाठ आहेत, त्यांनी कोणाला मारलं हे मात्र ठाऊक नाही. आत्या नवं पुस्तक हातात घेऊन बसली की आधी मला घराबाहेर काढते, कारण माझ्या चेहऱ्यावर नाव दिसतं म्हणते.